एका चढापुरते सासरे

सांगोल्याजवळच्या माळावर हौशी लोकांची सायकल शर्यत होती. शेवटच्या चढाआधी माझी चेन तुटली. ‘पप्पा, शेवटपर्यंत पोहोचाच,’ असं मुलीने बजावलं होतं, त्यामुळे रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात मोपेडवरून एक म्हातारे आले. गालात तंबाखू, पायापाशी करडू. त्यांनी सायकलकडे पाहिलं आणि आपला खांदा थोपटला. "धरा हितं."

"आजोबा, हे नियमात बसत नाही."

"करडूबी गाडीवर बसत न्हाय, बसवलंय की."

मी खांदा धरला. वाटेत भेटेल त्याला ते हॉर्न वाजवून सांगत होते, "आमचं जावई हायती! लग्नात दिलेली सायकल मोडून आणली!"

डाळिंबाच्या बागेतून एक बाई ओरडल्या, "पाव्हण्यांना च्या तरी पाजा!" मीही जावयासारखी मान डोलावली.

शेवटच्या वळणावर त्यांनी मला सोडलं. सायकल ढकलत मी रेषेवर पोहोचलो. मुलगी टाळ्या वाजवत होती.

"काका, चढ चालत आलात?" पंचाने विचारलं.

"व्हय, चालतच! म्या बघितलंय की!" म्हातारे मागून ओरडले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, यांनी ओढत आणलं."

मी बाद झालो. त्याचं फारसं वाटलं नाही, पण त्यांना चारचौघांत खोटं पाडलं, हे अजून टोचतं.

ते मुलीला म्हणाले, "पोरी, तुझा बाप लई साधा. ह्यांना जावई केलं, ती आमची चूक."

रुसायचा मान खरं तर जावयाचा. इथे सासरेच रुसून, करडू घेऊन निघून गेले.