पोस्टरातला बाबांचा हात

दिल्लीत, पहाडगंजातल्या आमच्या मराठी शाळेमागच्या गल्लीत एक पेंटर थेटरावर टांगायची भलीमोठी कापडी पोस्टरं हातानं रंगवायचे. मारधाडीच्या सिनेमांवर त्यांचा विशेष जीव. नायकाचा अर्धा चेहरा लाल, अर्धा निळा, आणि कपाळावरून ओघळणारं रक्त तर ते इतक्या मायेनं काढत, की मी घरी जायचं विसरून बघत बसायची.

एकदा बाबा मला न्यायला आले, तेव्हा पेंटरांचं काम अडलं होतं. त्यांना मिळालेल्या फोटोत नायकाचा पिस्तुलाचा हातच आला नव्हता.

"भाईसाहब, ज़रा छाता ऐसे पकड़िए."

सरकारी कचेरीत फायली हलवणारे, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या कॉलनीत कुणाला मोठ्यानं हाकसुद्धा न मारणारे आमचे बाबा छत्रीची मूठ पिस्तुलासारखी रोखून अर्धा तास उभे राहिले. त्यांची करंगळी जरा वाकडी. पेंटरनी तीही जशीच्या तशी उतरवली.

शुक्रवारी पोस्टर चढलं. आम्ही तिघं मुद्दाम बघायला गेलो. आई म्हणाली, "घरात झुरळ मारवत नाही, आणि इथे बघा!" बाबा लाजले, पण रस्ता ओलांडून पलीकडूनही एकदा बघून आले.

मला तो हात हवा होता. सिनेमा उतरला की पेंटर त्याच कापडावर पांढरा रंग फासून पुढचा सिनेमा काढत. त्याआधी मागायला हवं होतं. मी बाबांच्या मागे लागले.

"अगं, असं मागायचं कसं? बरं दिसत नाही."

आमच्या घरात ‘बरं दिसत नाही’पुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे. शेवटी सिनेमा उतरल्यावर मी एकटीच गेले. कापड जमिनीवर पसरलेलं होतं, पांढरंफटक.

"पहले बोलतीं तो काटकर दे देता, बिटिया."

मी रडत घरी आले आणि दोन दिवस बाबांशी बोलले नाही. राग त्यांच्यावर नव्हताच, असं आता म्हणता येईल. पण होता.

मग बघता बघता छापील पोस्टरं आली आणि पेंटरांचं दुकान बंद झालं. मी गुडगावात नोकरीला लागले, तिथेच फ्लॅट घेतला. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. एकदा मॉलमधल्या सिनेमाच्या पोस्टरासमोर ते थबकले. नायकाच्या हातात पिस्तूल होतं.

"यात जोर कुठाय?" बाबा म्हणाले.

"तुम्ही दाखवा ना धरून. फोटो काढते."

"इथे? सगळ्यांसमोर? बरं दिसत नाही."

"बाबा, मी मागतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली काठी उचलून पोस्टरावर रोखली. कंपवातानं हात थरथरत होता. मी पाच फोटो काढले, पाचही हलले. करंगळी एकातही नीट दिसत नाही.

बाबा आता नाहीत. फोन भरला की मी बाकीचे फोटो पुसते, ते पाच ठेवते. माझ्याकडे त्यांचा तेवढाच हात आहे.