हाताची आग आणि सबस्टन्स पी

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, तिथेच बायका बसून देठं खुडतात. माझी अम्मी हिवाळाभर तिथे कामाला जायची. संध्याकाळी घरी आली की ताकात हात बुडवून बसायची. बोटं सुजून लाल झालेली असत. त्या हातांनी ती माझ्या डोक्याला शिवत नसे, म्हणून शाळेची वेणी अब्बा घालायचे. वाकडी, पण घट्ट.

पुढे मी पुण्यात संशोधनाला लागले आणि विषय मिळाला सबस्टन्स पी. मिरचीचा तिखटपणा कातडीतल्या मज्जातंतूंना भिडला की त्यांच्या टोकांतून हा पदार्थ सुटतो. मग ती जागा लाल होते, सुजते, आणि दुखण्याचा निरोप वर मेंदूकडे जातो. आमच्याकडे तो प्रयोगशाळेत तयार केलेला यायचा. इवल्याशा बाटलीच्या तळाशी पांढरी भुकटी, दिसेल न दिसेल अशी. ती विरघळवून, चमकणारा रंग भरलेल्या पेशींवर सोडायची. पेशींना निरोप पोचला, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या उजळायला हव्यात.

माझ्या उजळेनात. कित्येक महिने नुसता अंधार. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "विषय बदलूया का? यात कमीपणा नाही."

"मॅडम, अजून थोडे दिवस द्या," मी म्हणाले. हा विषय मला सोडायचा नव्हता.

मग मी एकेक पायरी पुन्हा तपासली. आम्ही एकच द्रावण गोठवत होतो, वितळवत होतो, उरलेलं परत गोठवत होतो. त्यात ते निकामी होत असावं. मी नवी भुकटी विरघळवली, लहान लहान नळ्यांत वाटून ठेवली आणि ठरवलं, एक नळी एकदाच वापरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब सोडला आणि पेशी एकामागून एक उजळत गेल्या. बाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या. बघितलं, आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

ईदला घरी आले तेव्हा अम्मी म्हणाली, "चल माझ्याबरोबर." थेट पथारीवर नेलं. तिच्या मैत्रिणींनी मला घेरलं. एकीने अम्मीला विचारलं, "काय करस वं तुन्ही पोर तठे?"

मी तोंड उघडायच्या आत अम्मीच बोलली, "मन्ही पोर आपला हातनी आग काब्र होस, हाई शोधी ऱ्हायनी."

आपल्या हातांची आग का होते, ते मी शोधतेय; इतक्या वर्षांत माझं काम इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नव्हतं.

मोबाइलवर मी हिरव्या पेशींचं चित्र दाखवलं. बायकांनी पदराला हात पुसून तो पाळीपाळीने घेतला.

"मंग औषध कधी येई?" दुसरीने विचारलं.

"मावशी, ते अजून लांब आहे," मी खरं ते सांगितलं. "आत्ता नुसतं कळतंय, निरोप कसा जातो ते."

अम्मी लगेच म्हणाली, "पहिले समजू तर दे तिले!" सगळ्या हसल्या.

त्या मावशीची नात तेव्हा दहावीत होती. यंदा तिने नंदुरबारच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलंय. फोन अम्मीनेच केला, आणि अशा थाटात सांगितलं की जणू प्रवेश तिलाच मिळालाय.