शेवटच्या खाटेवरून काय दिसतं

ऑडिटला थोरल्या जाऊबाई येणार हे कळल्यावर धाकटीने हुश्श केलं. मनोरुग्णालयाने यंदा ठरवलं होतं, बाहेरच्यांनी येऊन चुका काढण्याआधी आपलं आपणच बघायचं. एका वॉर्डाच्या सिस्टरने दुसऱ्या वॉर्डाचं काम तपासायचं, काय चुकतंय ते सांगायचं आणि काही महिन्यांनी सुधारलं का ते पुन्हा बघायचं. धाकटीच्या वॉर्डाच्या वाट्याला घरचंच माणूस आलं, दुसऱ्या वॉर्डाची सिस्टर असलेली थोरली. सांभाळून घेतील, असं तिला वाटलं.

वाटायला काय लागतं! घरात मिठाची बरणी जागेवर नसली तरी चौकशी बसवणारी बाई ती. गुडघा दुखरा, पण जीभ ठणठणीत. सासूबाईही तिला वचकून असत.

तपासायचं होतं ते रुग्णांना बांधून ठेवण्याबद्दल. आमच्याकडे कुणाला बांधत नाहीत, धाकटीने ताठ मानेने सांगितलं. कागदोपत्री वर्षभरात एकही नोंद नव्हती. थोरलीने कागद बाजूला सारले आणि कपाटातला कापडी पट्टा मागितला. तो धुऊन धुऊन मऊ पडला होता, त्याचं एकच भोक ताणून लांबट झालं होतं.

"न वापरता इतका मऊ कसा झाला गं?"

धाकटीचा चेहरा उतरला. पट्टा कंडक्टरकाकांचा होता. शेवटच्या खाटेवरचे काका, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेले, कित्येक महिन्यांत अवाक्षर न बोललेले. दिवसभर अगदी गरीब. पण संध्याकाळी ड्युटी बदलताना सगळा स्टाफ ऑफिसात जमून, दार लावून, पुढच्या माणसांना रुग्णांची माहिती देई, आणि नेमके तेव्हाच काका येऊन दारावर मुठी आपटत. एकदा दाराची काच फुटून मनगट कापलं. तेव्हापासून तेवढ्या वेळापुरता त्यांना खाटेवर पट्टा लावत. त्याला बांधणं असं कुणी म्हणतच नसे. "काकांना बसवलं का?" एवढंच विचारत. मग नोंद कशाची करणार? आता तर सोमवारी त्यांना मागच्या कुलूपबंद इमारतीत हलवायचं ठरलं होतं. तिथे गेलेला माणूस लवकर घरी परतत नाही, हे धाकटीला ठाऊक होतं. तरी शिफारस तिचीच होती.

आता तोफ धडाडणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. थोरली फक्त म्हणाली, "आज मला बांध."

थट्टा असेल म्हणावं, तर बाई चपला काढून खाटेवर आडवी झालीसुद्धा. काकांना शेजारच्या खुर्चीवर मोकळं बसवलं. जिच्यासमोर आवाज चढवायची आजवर प्राज्ञा नव्हती, तिच्या पोटावर पट्टा लावताना धाकटीने सैलसं भोक निवडलं.

"नेहमीच्या भोकात," थोरली म्हणाली.

ड्युटी बदलली. स्टाफ ऑफिसात गेला, दार लागलं. एरवी दाराकडे पाठ करून बसणारी धाकटी आज काचेशी उभी राहिली. काका उठले. आधी ते खाटेवर वाकले आणि पट्टा सोडवायला लागले. त्यांना ते जमेना, तसे ते धावत आले आणि दार बडवू लागले. धाकटीने दार उघडलं. काका आत शिरले नाहीत. मागच्या खाटेकडे हात करून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "थांबवा. बाई मागे राहिल्यात."

हा माणूस पळून जायला बघतो, असं समजून सगळ्यांनी त्याला जखडलं होतं. तो तर रोज मागे राहिलेल्यांसाठी गाडी थांबवत होता! धाकटीला रडू आवरेना.

पट्टा सुटल्यावर थोरली खाटेवर उठून बसली. "इथून फक्त ते दार दिसतं," ती म्हणाली. "आपली सगळी माणसं आत जातात आणि आपण बाहेर. मलासुद्धा भीती वाटली गं." ही बाई कशाला भ्याली, असं धाकटीने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

अहवालात मात्र नात्याला सूट नव्हती. 'बसवणं' न म्हणता 'बांधणं' लिहिलं गेलं, आणि धाकटीचा वॉर्ड गुणांत सगळ्यांत खाली गेला. डॉक्टरांनी काकांचं हलवणं थांबवलं. त्या आठवड्यापासून ड्युटी बदलतानाची माहिती, म्हणजे हँडओव्हर, ऑफिसात होईना. दोन्ही ड्युट्यांचा स्टाफ एकेका खाटेशी जाऊन, ज्याचं त्याच्याशी, हळू आवाजात बोलू लागला.

तीन महिन्यांनी थोरली पुन्हा आली. पट्टा कडक झाला होता, त्याला कपाटाचा वास येत होता. तेवढ्यावर विश्वास ठेवील तर ती थोरली कसली. एकेका रुग्णाला तिने खोदून खोदून विचारलं. मग शेवटच्या खाटेवर टेकून ती हँडओव्हर बघत राहिली. सगळ्या खाटा झाल्यावर काका उभे राहिले. कुणी मागे राहिलंय का, म्हणून त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली, आणि ती फिरून होईपर्यंत डॉक्टरांसकट कुणीही जागचं हललं नाही. धाकटी बघत होती. रोज बघायची, तरी रोज तिला ते नवल वाटायचं.

काकांची नजर थोरलीपाशी थांबली. दुखऱ्या गुडघ्यामुळे तिला चटकन उठता येत नव्हतं.

"बाई, तुम्ही राहिलात," काका म्हणाले. "या सावकाश. गाडी थांबलीय."

थोरलीचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलेही नाहीत. धाकटीने जाऊबाईंना हात दिला. घरी निघालेला सगळा स्टाफ त्या लंगडत्या पावलांच्या मागून हळूहळू चालत बाहेर पडला.