बारा डिस्कांची खंडेनवमी

खंडेनवमीवर माझा राग आहे असं कुणी म्हणू नये. मी हुपरीची. आमच्या घरी चांदीचं काम, पैंजणं घडवायचं. त्या दिवशी हातोड्या, चिमटे, सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळद-कुंकू लावतात आणि दिवसभर त्यांना कामाला लावत नाहीत. पण पेटत्या भट्टीत हात घालून तिला कुंकू लावायला आमच्यातलं कुणी कधी गेलं नाही. एवढी साधी अक्कल कोल्हापुरातल्या माझ्या हॉस्पिटलच्या मॅनेजरसाहेबांना नव्हती.

तिथं मी स्टोरेज सांभाळायची. म्हणजे पेशंटांचे एक्स-रे, सीटी स्कॅन, रिपोर्ट ज्या लोखंडी पेटीत साठतात ती पेटी माझ्या ताब्यात. तिच्यात बारा डिस्क, प्रत्येकीला पुढून एक छोटी मूठ. डॉक्टरांना आपापल्या कॉम्प्युटरवर नीटनेटके फोल्डर दिसायचे, म्हणून साहेबांना वाटायचं की आतही तसंच असणार, हा खण एक्स-रेचा, तो बिलांचा. "कपाटच की ते," म्हणायचे. अहो, कपाट कसलं डोंबलाचं! ती पेटी एकेका फोटोचे तुकडे करून सगळ्या डिस्कांवर वाटून टाकते. सोबत काही जादा तुकडे ठेवते, म्हणजे एखादी डिस्क मेली, अगदी दोन मेल्या, तरी उरलेल्यांवरून गेलेलं परत जुळवता येतं. तिसरी गेली की कारभार आटोपला. मग कुठल्याच डिस्कवर कुठल्याच माणसाचा अख्खा फोटो सापडत नाही.

हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. दुसरी प्रत निदान वेगळ्या इमारतीत ठेवूया म्हटलं, तर म्हणे, "त्याच पेटीत ठेव की. जागा हाय न्हवं?" घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप घालायचा प्रकार! पण दुसरी पेटी काही मिळाली नाही, तेव्हा प्रत तिथंच राहिली.

त्या वर्षी खंडेनवमीला मी घरी हुपरीला गेले. जाताना बजावून गेले, पेटीच्या दाराला बाहेरून हार घाला, आत हात लावू नका. "व्हय, व्हय," म्हणाले. दुपारी साहेबांनी मोबाईलवर स्टेटस टाकलं, ते बघितलं. पाटावर माझ्या बाराच्या बारा डिस्क ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल.

मूठ ओढली की डिस्क बाहेर येते, म्हणून ओढल्या. चालू पेटीतून! ओल्या फडक्यानं पुसल्या, पुढ्यात नारळ फोडला, पूजा झाल्यावर परत कोंबल्या. मी एसटीनं धावतपळत पोचले तेव्हा साहेब खोबरं वाटत होते. "सगळीकडं लाल दिवे लागल्यात बघ, कसं झकास दिसतंय!" पेटीनं पडद्यावर विचारलं होतं, जुनं काही जुळत नाही, सगळं पुसून नव्यानं सुरुवात करू का? यांनी 'हो' दाबलं होतं. का दाबलं म्हणून विचारलं, तर म्हणे, "सणासुदीचं न्हाय कशाला म्हणायचं?"

पेटीच्या कंपनीची माणसं आली, डिस्क घेऊन गेली आणि हात हलवत परत आली. पाच-सहा वर्षांचे स्कॅन, सगळे गेले. आणि साहेबांचं काय झालं? काही नाही. मशीन बिघडलं एवढंच वर कळवलं.

दिवाळीनंतर राधानगरीकडच्या एक मावशी माझ्या खोलीत आल्या. खोकला जात नव्हता म्हणून नवा स्कॅन काढला, तर छातीत सुपारीएवढी गाठ दिसली होती. कोरोनात त्यांचा स्कॅन आमच्याकडेच झालेला. तेव्हाच्या रिपोर्टात नुसता कोरोनाचा स्कोअर, गाठीचं अवाक्षर नाही. फिल्म तर दिलीच नव्हती, कारण "सगळं सिस्टिमवर असतंय" हे साहेबांचंच वाक्य.

"ताई, माझा जुना फोटो तेवढा बघ की," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणत्यात, गाठ तवाबी एवढीच असली तर कापायचं न्हाय. नवी असली तर थांबून चालायचं न्हाय."

"मावशी, तो फोटो गेला," मी म्हटलं. कसा गेला हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात उभे असलेले साहेब त्यांना गोड बोलून बाहेर घेऊन गेले. डॉक्टर तरी काय करणार? पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

गाठ तपासून आली ती साधी निघाली. कधीतरी होऊन गेलेल्या आजाराची, कित्येक वर्षांची जुनी. टाके काढायला आल्या तेव्हा मावशी घरच्या खव्याचे पेढे घेऊन आल्या. मी कामासाठी साहेबांच्या केबिनमध्येच होते. मावशी त्यांच्या पाया पडायला वाकल्या, पण दुखत होतं म्हणून अर्ध्यातच थांबल्या.

"साहेब, तुम्ही म्हणालासा, फोटो गेला ही देवाची इच्छा. देवानंच वाचवलं बघा."

"देवाचीच कृपा," म्हणत साहेबांनी पेढा तोंडात टाकला. अंगाची लाहीलाही झाली माझ्या. असला कोडगेपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

"देवाला मध्ये आणू नका," मी म्हटलं. "मावशी, गाठ जुनी म्हणजे कोरोनातल्या फोटोत ती दिसलीच असती. तो फोटो यांनी पूजा करताना घालवला. तो असता तर तुम्हाला कापलंच नसतं."

"गैरसमज करून घेऊ नका, मावशी," साहेब भरल्या तोंडानं म्हणाले.

मावशींचा हात बरगडीवरच्या पट्टीकडे गेला. मग त्यांनी टेबलावरचा पेढ्यांचा डबा उचलला, झाकण लावलं आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तोंडातला बी थुका," मावशी म्हणाल्या.