गुणगुण गेली, सूं राहिली

फिटर कापड गिरणीतून निवृत्त झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याने जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बळकावला. त्याला गाणी ऐकायला, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा होता. चार महिन्यांत तो बांधून झाला, वाजलाही. पण गाण्याच्या मागे सतत एक जाड गुणगुण.

"भुंगा पाळलाय का पेटीत?" बायकोने विचारलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या खरखरीवरून कुठल्या लाइनमध्ये पाणी शिरलंय ते सांगायची.

फिटर हट्टाला पेटला. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा त्याने एकमेकींना घट्ट पीळ देऊन पेटीच्या कोपऱ्यातून नेल्या. मग मोठा ट्रान्सफॉर्मर सोडवला, त्याची गुणगुण छोट्यात किती उतरते ते ऐकायला स्पीकरकडच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला हेडफोन जोडला आणि मोठा इंचाइंचाने फिरवत राहिला. एका जागी आवाज जवळजवळ मेला. तिथेच तो पक्का केला. तरी थोडी गुणगुण उरलीच. अर्थिंगच्या तारा पेटीत वाटेल तिथे टेकल्या होत्या. त्या सगळ्या उपटून त्याने एकाच बोल्टवर आणल्या आणि भुंगा गप्प झाला.

"ऐक आता," तो म्हणाला. "काही नाही!"

बायकोने मान तिरकी केली. "गुणगुण गेली. पण सूं आहे."

"कसली सूं?"

"बारीक. वाफ सुटल्यासारखी."

फिटरने स्पीकरला कान लावला. पूर्ण शांतता. "तुझ्या डोक्यात आहे ती."

"असं? मग घ्या परीक्षा."

ती पाठ करून बसली. फिटरने तारेच्या एका चिमट्याने पहिल्या व्हॉल्व्हमधून पुढे जाणारा आवाज कधी तोडला, कधी सोडला, आणि दर वेळी कागदावर खूण केली. ती बोलत गेली : "गेली. आली. आहे अजून. गेली." दहापैकी दहा बरोबर. फिटरने कागदावरच्या खुणा दोनदा तपासल्या आणि खुर्चीत बसला.

"म्हणजे मलाच ऐकू येत नाही."

बायको वळली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली, फोन वाजतो आणि तुम्ही ढिम्म हलत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करता. चिडून मी तुमच्याशी बोलणं कमी केलं."

"मला वाटलं, तुझा स्वभावच बदलला."

कानाच्या डॉक्टरने आलेख काढून दाखवला. जाड आवाज शाबूत होते, बारीक आवाजांची रेघ मात्र कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार, असं तो म्हणाला. गेलेलं परत येणार नव्हतं. कानात घालायचं यंत्र मिळालं. पहिला महिनाभर फिटर त्यावर वैतागला. चमचे, चाव्या, वर्तमानपत्राची पानं, सगळंच अंगावर यायचं. पुढे सवय झाली.

सूं मात्र बायकोच्याच कानाने शोधली. फिटर एकेक सुटा भाग बदलायचा, ती हो-नाही सांगायची. पाचव्या खेपेला दोष सापडला : पहिल्या व्हॉल्व्हजवळचा एक जुना रेझिस्टर.

पुढच्या वर्षी तिच्या एका मैत्रिणीने तसाच अ‍ॅम्प्लिफायर मागितला. या वेळी पहिल्या दिवसापासून टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, आणि भांडणंही रीतसर, मोठ्या आवाजात होत होती.