तिसऱ्या क्लॅरिनेटच्या पाच फेऱ्या

माझे वडील, आप्पा, फौजेच्या बँडमध्ये सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते आणि त्या सतरा वर्षांत त्यांनी एकट्याने एक सूरही वाजवला नाही. बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्यांच्या तीन रांगा असत. पहिल्या रांगेकडे मुख्य चाल, दुसरीकडे तिची जोड आणि तिसरीकडे खालचं भरण. आप्पा लागले तेव्हापासून पेन्शनीत आले तोवर तिसऱ्याच रांगेत राहिले. "कुनीतरी खालनं धराय पायजेच की," एवढंच ते म्हणत, आणि म्हणताना तक्रारीचा सूर नसे.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक जुनी क्लॅरिनेट स्वतःसाठी घेतली. आष्ट्याजवळच्या आमच्या वस्तीवर, संध्याकाळच्या धारा सुरू झाल्या की गोठ्याच्या कट्ट्यावर बसून ते अर्धा तास वाजवत. पाठ असलेल्या सगळ्या परेडच्या धुनांचा फक्त तिसऱ्या रांगेचा भाग. मी तेव्हा सहावीत होते. मला वाटायचं चाल ती हीच, आणि शाळेत मी मोठ्या ऐटीत ती गुणगुणायचे. मग एका सव्वीस जानेवारीला शेजारच्यांच्या टीव्हीवर त्यातली एक धून पुरी ऐकली आणि मी चक्रावलेच. आमच्या गोठ्यातली चाल तिच्यात नव्हती. खूप कान दिल्यावर ती पार तळाशी सापडली. त्या दिवशी मी आप्पांवर फुगून बसले होते, हे आता सांगायला लाज वाटते. पुढे मी पेटी शिकले, मग पियानो शिकले, आणि आता विद्यापीठाच्या संगीत विभागात शिकवते.

आमच्या विभागप्रमुखांनी एक खूळ काढलंय. वर्षातून एकदा सगळ्या शिक्षकांनी आपल्याला येत नाही ते लोकांपुढे करून दाखवायचं, आणि विद्यार्थ्यांनी समोर बसून हसायचं. म्हणे शिक्षकाला शिकणाऱ्याची भीती आठवत राहिली पाहिजे. मागच्या खेपेला आम्ही कव्वाली केली आणि तीन दिवस घसे धरून बसलो. या वेळी ठरला जॅझ, सांगलीच्या एका हॉलमध्ये. तबल्याचे सर ड्रमवर बसले, सतारीच्या सरांनी कॉलेजातली बेस गिटार माळ्यावरून काढली, गायनाच्या मॅडमनी गाणी पाठ केली आणि पियानो माझ्याकडे आला. सॅक्सोफोनला सांगलीच्या एका लग्नाच्या बँडमधले वादक येणार होते. कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना त्यांचा फोन आला की त्या दिवशी मोठी तिथी आहे, तीन वराती आहेत, माफ करा. तिथीपुढे कोणाचं काय चालणार.

त्या संध्याकाळी मी वस्तीवर गेले. आप्पा म्हशीला दावं लावत होते.

"आप्पा, आमच्यासंगं सांगलीला वाजवणार का?"

"कुठली रांग?" त्यांनी वळूनही न बघता विचारलं.

"रांगच न्हाई. तुमी एकटंच. आमी खालनं धरतो."

दावं बांधून ते वळले आणि म्हणाले, "आन वाजवायचं काय?"

"एक चाल हाय. ती सगळ्यांनी मिळून वाजवायची. मग ती चाल मनातल्या मनात फिरत ठिवायची आन एकेकानं तिच्यावर मनाला यील ते वाजवायचं. चाल एकदा पुरी फिरली की एक फेरी. तुमाला दोन फेऱ्या."

"मनाला यील ते?" आप्पांनी मला नीट न्याहाळलं. "आन कागूद?"

कागद नाही म्हटल्यावर ते सरळ नाही म्हणाले. मी आईकडे गेले. आईने चुलीपाशीच मला अडवून खरं काय ते सांगितलं. आप्पांचे वरचे पुढचे दात हलायला लागले होते. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात तिच्या टोकावर टेकवावे लागतात, त्यावरच सगळी पकड असते. सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांनी पुढचे सहा काढून मग कवळी बसवायचं ठरवलं होतं, आणि दात काढायची तारीख कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी होती. कवळीवर वाजवता येईल का, असं आप्पांनी दोनदा विचारलं होतं. डॉक्टर भला माणूस, त्याने थापा मारल्या नाहीत. सांगता येत नाही, म्हणाला.

"त्येनला वाजवू दे," आई म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्याच्या खालनं वाजवलं. एकदा कुनीतरी त्येंच्या खालनं धरा."

मी पुन्हा गोठ्याकडे गेले आणि दोन्ही फेऱ्या कागदावर लिहून देते म्हणाले. आप्पा लगेच तयार झाले.

पंधरा दिवस आम्ही तालीम केली. ते वेळेच्या दहा मिनिटं आधी, चपला दाराबाहेर जोडीने लावून हजर असत. माझ्या दोन फेऱ्या त्यांनी चार दिवसांत चोख पाठ केल्या. अडचण दुसरीच होती. जॅझची लय जरा झुकत जाते आणि आप्पांचा सूर खाडखाड बुटावर पडायचा. तबल्याचे सर म्हणाले, "आप्पा, जरा लंगडत चालल्यागत वाजवा." आप्पा म्हणाले, "परेडला लंगडलो असतो तर उस्तादानं दुसरा पाय मोडला असता." सर इतके हसले की त्यांच्या हातची काठी निसटली. सरांचं स्वतःचंही काही ठीक चाललेलं नव्हतं. ही जॅझवाली मंडळी समेला येतात कधी आणि आली तर सांगत का नाहीत, असं ते रोज विचारायचे.

आणखी एक गोष्ट आप्पांनी ठरवून घेतली. बँडमास्तरची छडी खाली आल्याशिवाय बँड थांबत नाही. आपण किती वाजवलं हे मोजत बसणं वादकाचं काम नव्हे, आणि आपल्या मनाने थांबणं हा तर गुन्हाच. "दोन फेऱ्या झाल्या की तू डावा हात वर घ्यायचा आन खाली आनायचा. हात आला की म्या थांबनार. न्हाई आला तर न्हाई थांबनार. ध्यानात ठिव." मी ठेवलं. घरी जाताना प्रत्येक वेळी त्यांनी मला पुन्हा आठवण करून दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी मार्केट यार्डाच्या रस्त्याने हॉलवर गेलो. हळदीचे सौदे झालेले होते आणि आप्पांच्या पांढऱ्या शर्टावर हळदीची धूळ बसली. आईने ती पदराने झटकली, ती आणखी पसरली. हॉल सहालाच भरला. दुसऱ्या रांगेत आष्ट्याचे नऊ माजी सैनिक ताठ बसले होते, आप्पांनी त्यांना बोलावलं नव्हतं, ते आपणहून जीप करून आले होते. आधी रीतीप्रमाणे शाल, श्रीफळ, मनोगतं झाली. एका पाहुण्यांनी जॅझ हा मूळचा आपलाच असल्याचं सिद्ध केलं. आप्पा पडद्याआड क्लॅरिनेटच्या टोकाची वेताची पत्ती ओठांत ओली करत बसले होते.

मॅडमची दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला आम्ही चाल मिळून वाजवली, मॅडमनी आप्पांकडे हात केला आणि आप्पा एक पाऊल पुढे आले. एकच पाऊल, मोजून टाकल्यासारखं.

पहिली फेरी त्यांनी हळू वाजवली, कुणाची तरी वरची चाल चालू आहे आणि आपण तिला धक्का लावायचा नाही अशी. कागदात होतं ते सगळं जागच्या जागी आलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी क्लॅरिनेट जरा वर उचलली. आवाज मोठा झाला. मी इतकी वर्षं त्यांना ऐकत आले होते आणि वरची चाल त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. मला इतकं बरं वाटलं की मी वाजवता वाजवता नुसती ऐकत राहिले. फेरी संपली. माझा डावा हात पट्ट्यांवरच राहिला.

हात आला नाही म्हणून आप्पा थांबले नाहीत.

तिसरी फेरी सुरू झाली, आणि त्यांच्याकडचा कागद तर संपला होता. सुरुवातीला क्षणभर नुसती फुंक आली. मग त्यांनी जे पाठ होतं तेच काढलं, गोठ्यातलं, परेडच्या धुनेचं तळचं भरण. माझ्या लहानपणीची ती चाल, मी शाळेत गुणगुणायचे ती. आज तिच्यावर कुणी नव्हतं, ती एकटीच वर होती, आणि आमच्या सुरांवर ती चक्क बसली. तबल्याच्या सरांनी कान टवकारले आणि ड्रमवर परेडचा ठेका धरला. अखेर त्यांना सम सापडली होती. दुसऱ्या रांगेत नऊ जोडी बूट एकदम जमिनीवर पडायला लागले.

चौथ्या फेरीत तेही संपलं. आप्पांनी एक सूर उंच नेला आणि तो फाटला, चांगलाच किंचाळला. लोक हसले. बँडमध्ये असं झालं असतं तर आठवडाभर पहाटेची ड्यूटी लागली असती. आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग मुद्दाम, ठरवून, तो सूर पुन्हा तसाच फाडला. मग तिसऱ्यांदा, पण लंगडत. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. विद्यार्थी उभे राहून शिट्ट्या मारायला लागले आणि विभागप्रमुख खुर्चीवर चढायचेच बाकी राहिले. आप्पांचा चेहरा लाल झाला होता, गालांवरून घाम ओघळत होता आणि ते डोळ्यांनी हसत होते. माझ्या सगळ्या आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

इथे खरं सांगून टाकते. दुसऱ्या फेरीला मी हात द्यायला विसरले. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीला विसरले नव्हते.

पाचवीला पहिल्या रांगेतून आईने स्वतःच्या दातांवर बोट ठेवून मला खूण केली, पुरे कर म्हणून. मी डावा हात वर घेतला आणि खाली आणला. आप्पा त्याच मात्रेवर थांबले, क्लॅरिनेट बगलेला लावली आणि सावधान उभे राहिले. टाळ्या थांबेनात तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली, तीही कुणीतरी हुकूम दिल्यासारखी. पुढची चाल आम्ही कशी संपवली ते मला आठवत नाही, मी पट्ट्यांवर रडत होते.

नंतर सगळ्यांना चहा आणि भडंग होतं. आप्पांनी भडंग चहात भिजवून खाल्लं. नऊ माजी सैनिकांनी त्यांना घेरून पाठीवर थापा मारल्या. एकाने विचारलं, "आरं, ह्ये कवा शिकलास रं?" आप्पा म्हणाले, "शिकलो न्हाई. हातच आला न्हाई खाली, मग काय करतो गड्या."

ठरल्या दिवशी सहा दात गेले. कवळी बसायला तीन महिने लागले, तोवर गोठ्यात शांतता होती आणि म्हशी दूध चोरतात असं आई म्हणायची. कवळी बसली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. आप्पांनी कट्ट्यावर बसून क्लॅरिनेट तोंडाला लावली. पहिल्यांदा वारा आला, मग कवळी सरकली, मग एक सूर आला, पातळ आणि जरा वाकडा. ते थांबले, कवळी अंगठ्याने दाबली आणि पुन्हा वाजवलं. या वेळी तो थोडा टिकला.

"यील," ते स्वतःशीच म्हणाले. मग क्लॅरिनेट फडक्याने पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "त्या दिशी हात का न्हाई दिलास?"

"इसरले, आप्पा."

त्यांनी पत्ती सोडवून डबीत ठेवली, डबी खिशात घातली आणि उठून म्हशीच्या पाठीवर हात फिरवला.

"पुढच्या बारीला बी इसर," ते म्हणाले.