मागची काच

आमची स्टेशन वॅगन सासऱ्यांनी घेतलेली. लांबलचक गाडी, मागे सबंध दरवाजा, आणि त्या दरवाजाला खाली सरकणारी काच. सासरे गेल्यावर नवरा म्हणाला विकून टाकू. त्याला गाडी चालवायचाच कंटाळा. मी म्हटलं, मला हवी आहे. माझा जेवणाच्या डब्यांचा धंदा आहे. उलव्यातून पनवेलकडच्या दोन ऑफिसांना दुपारचं जेवण जातं. या गाडीत मागच्या सीटच्याही मागे चार मोठी पातेली, भाकऱ्यांची टोपली आणि पाण्याचा जार आरामात राहतो. जुन्या गाड्यांचा मला शौक नाही. जागा होती, म्हणून ठेवली.

गरम भात आणि कालवण बंद गाडीत ठेवलं की काचांवर वाफ धरते, आणि वास सीटमध्ये मुरतो. म्हणून मी मागची काच अर्धी खाली ठेवायची. वर्षानुवर्षं.

सासूबाई खाडीकाठच्या गावातल्या. त्यांची धाकटी बहीण करंजाड्याला दिलेली. तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. सासूबाई आपल्या बाजूने बोलायच्या, पलीकडून नुसता श्वास यायचा. मग आम्ही ठरवलं की मंगळवारी आणि शुक्रवारी डबे द्यायला जाताना मी त्यांना करंजाड्याला सोडायचं आणि परतताना घ्यायचं. तिथे त्या बहिणीचे केस विंचरायच्या आणि तिला मासळी भरवायच्या. एकेक काटा बोटांनी चाचपून काढायचा, भातात कुस्करायचं, घास द्यायचा. बहिणीला घशात काटा अडकायची भीती बसली होती. दुसऱ्या कोणाच्या हातून ती मासळी खायची नाही, अगदी स्वतःच्या सुनेच्याही नाही.

पुढच्या सीटवर माझे चटण्या-कोशिंबिरीचे डबे असायचे, म्हणून सासूबाई मागच्या सीटवर. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. करंजाड्याला उतरलं की ओटीवर भिंतीला टेकून बसायच्या, पाणी मागायच्या, मग आत जायच्या.

"आई, तुम्हाला गाडी लागते," मी म्हटलं.

"मना गारी नाय लागत. मी होरीत वाढलेली बाय. उधानाच्या पान्यात बसून जेवलंय. मना धूर लागतं."

"धूर कसला? पीयूसी आहे गाडीची. परवाच काढली."

"त्या कागदाला नाक हाय काय?"

मी हसले आणि त्यांच्या हातावर आवळासुपारी ठेवली. पुढच्या वेळी त्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून मागची काच पूर्ण खाली केली.

"ती काच लाव गो बाय," त्या म्हणाल्या.

"बंद केली तर गुदमरेल, आई. वारा लागला की बरं वाटेल."

"घाटावरच्यांना वाऱ्याचा काय म्हाईत," असं म्हणून त्यांनी पदर नाकाला लावला. तो पदर मला आरशात दिसत होता. मला वाटलं, सुनेने गाडी चालवणं त्यांना पटत नाही, त्याचं हे नाटक. मी साताऱ्याकडची. जन्म होडीत काढलेल्या बाईला सपाट रस्त्यावर मळमळतं कसं, हा साधा प्रश्न मला पडला नाही. एरवी कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली तरी मी झाकण काढून तपासते.

एका शुक्रवारी त्या तयार झाल्या नाहीत. "आज नको," म्हणाल्या. मंगळवारीही तेच. मी पातेली उचलता उचलता विचारलं, "रिक्षाने जाता का?" आयुष्यात एकट्या रिक्षात न बसलेल्या बाईला मी हे विचारलं, आणि विचारलं म्हणजे माझं काम झालं असं धरलं. त्यानंतर त्या फक्त डबा द्यायच्या. कधी बोयटांचं कालवण, कधी निवट्यांचं, अशी खाडीतली मासळी. मी तो करंजाड्याला पोचवायची आणि पुढे जायची. परतताना बहिणीची सून धुतलेला डबा हातात देऊन सांगायची, "तुमच्या मावशींनी भात खाल्ला. मासळीला तोंड फिरवतात."

घरी मी सांगायची, "जेवल्या हो."

दोन-अडीच महिन्यांनी बहीण गेली. भाच्याने गाडी पाठवली. सासूबाई तीत बसून करंजाड्याला गेल्या, रडल्या, संध्याकाळी परत आल्या. जाताना नाही, येताना नाही, डोकं दुखल्याचं नाव नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं.

पुढे महिन्याभरात क्लच गेला. कोपरखैरण्याला एक मेकॅनिक आहे, साठीच्या घरातला, अशा गाड्यांची कामं अजून करतो. काम झाल्यावर तो म्हणाला, चला, एक चक्कर मारून दाखवतो. पुढच्या सीटवर त्याची हत्यारं पडलेली, म्हणून मी मागे बसले. या गाडीत मागे मी पहिल्यांदाच बसत होते. घणसोलीपर्यंत गेलो, दोन सिग्नलला थांबलो. परत येईपर्यंत माझी कानशिलं ठणकत होती, मी डोकं धरून बसले होते.

"मॅडम, मागची काच खाली ठेवून चालवता काय?" त्याने आरशातून बघत विचारलं. "मग काय, धूर खाणारच ना. ही गाडी मागून धूर खेचते."

त्याने गॅरेजमधल्या देवापुढची पेटती अगरबत्ती आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, त्या काचेजवळ धरा. गाडी चालू लागली. धूर काचेतून बाहेर जाईल असं मला वाटत होतं. तो आत वळला, माझ्या तोंडावरून सरळ पुढे गेला.

त्याने समजावलं ते असं. गाडीची पाठ उभी, कपाटासारखी. पळताना तिच्या मागे हवेची पोकळी होते, सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो आणि भोक मिळालं की आत शिरतो. चालवणाऱ्याला फारसं कळत नाही, कारण त्याच्या बाजूची काच उघडी असते.

"पण पीयूसी आहे," मी म्हटलं.

"ती पाइपाच्या तोंडाशी काढतात, मॅडम. मागे कोण बसलंय ते त्यात येत नाही. आणि हसू नका यावर, लांबच्या रस्त्याला माणूस झोपतो आणि उठत नाही."

मी हसत नव्हते.

सायलेन्सरचा पाइप बंपरच्या आतच संपत होता, तो त्याने बाहेरपर्यंत लांबवला. एक सांधा गळत होता, तो बदलला. मागच्या दरवाजाचं रबर वाळून भेगाळलं होतं, तिथे नवीन बसवलं. वायरी जातात त्या भोकांना बुचं मारली. मागची काच कायमची वर. वारा हवा तर पुढच्या दारांच्या छोट्या तिकोनी काचा उघडायच्या, म्हणजे हवा पुढून आत येते. वाफेसाठी मी आता पातेली पंधरा मिनिटं निवू देते आणि झाकणाखाली फडकं बांधते. सगळं मिळून एका दुपारचं काम होतं.

घरी येऊन मी पुन्हा मागच्या दरवाजाच्या फटीशी अगरबत्ती लावून एक फेरी मारली. आरशात बघितलं, धूर पुढे ओढला गेला नाही.

सासूबाई ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होत्या. मी समोर बसले. "आई, तुमचं बरोबर होतं. धूर होता. मी ऐकायला हवं होतं. आता काढलाय. पुढे बसा, कुठे जायचं ते सांगा."

"आता कुटं जावाचा?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

मग मी तेही सांगून टाकलं, की मावशी मासळी खात नव्हत्या आणि मी घरी खोटं सांगत होते.

"म्हाईत होता मना. माज्या हाताबिगर ती खातच नव्हती."

"मग दर वेळी कालवण का द्यायचात?"

त्यांनी करंदीचं साल बाजूला टाकलं, पुढची उचलली. "वास तरी गेला आसंल तिच्याकरं."

मी त्यांच्या समोरची मूठभर करंदी ओढून घेतली आणि सोलायला लागले.